दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील इंग्लंडच्या शहर-निवडणुकांचे निकाल कसे वाचावेत?

रामबागकर (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या रामबागेतल्या वाचनमंडळात सध्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासाचे वाचन चालू आहे. पुढच्या बैठकीत 1919 ते 1939 या काळातील इंग्लंडच्या सिटी कौन्सिल निवडणुकांवर मला बोलायचे आहे. शेफील्ड, लीड्स, मँचेस्टर या शहरांचे निकाल वाचताना एका गोष्टीचा उलगडा होत नाही. प्रत्येक वॉर्डाचे तीन प्रतिनिधी असतात असे म्हटले आहे, पण निकालात मात्र एकच निवडून आलेला दिसतो, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबर उजाडला की त्याच वॉर्डात पुन्हा मतदान होते. त्याहून चमत्कारिक वाटते ते असे, की एखादा पक्ष निम्म्याहून अधिक वॉर्ड जिंकतो आणि तरीही विरोधी बाकांवरच बसतो.

आपल्या इंदुरात सगळ्या वॉर्डांतले पार्षद पाच वर्षांतून एकदा एकत्रच निवडले जातात, महापौरही जनतेच्या थेट मताने ठरतो, त्यामुळे मतमोजणीच्या संध्याकाळी निगम कोणाच्या हाती गेले ते राजवाड्यावर उभ्या असलेल्या कोणालाही सांगता येते. तिथे सत्ता नेमकी कशी ठरत असे? मतदार कोण होते, आणि भांडण कशावरून होते? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मल्हारगंजकर यांचे उत्तर

आपल्याला जे कोडे वाटते आहे त्याची दोन कारणे आहेत आणि ती दोन्ही 1835 च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्यापासून चालत आलेली आहेत.

पहिले कारण असे, की कौन्सिलरची मुदत तीन वर्षांची असली तरी सगळे एकदम निवृत्त होत नसत. दरवर्षी 1 नोव्हेंबरला एक तृतीयांश जागांसाठी मतदान होई, म्हणजे तीन प्रतिनिधींच्या वॉर्डात दर वर्षी एक जागा मोकळी होई. दुसरे कारण म्हणजे आल्डरमन. दर तीन कौन्सिलरांमागे एक आल्डरमन असे, त्याची मुदत सहा वर्षांची असे, त्याला जनता नव्हे तर कौन्सिलर निवडत, आणि दर तीन वर्षांनी त्यांच्यातले निम्मे निवृत्त होत. आपल्या निगमातही शासनाने नामनिर्देशित केलेले आल्डरमन असतात, पण राज्यघटनेच्या कलम 243-आर प्रमाणे त्यांना सभेत मताचा अधिकार नसतो. इंग्लंडमधल्या आल्डरमनाचे मत मात्र कौन्सिलरच्या मताइतकेच मोजले जाई, आणि सगळा फरक तिथेच पडे.

उदाहरणासाठी 24 वॉर्डांचे एक कल्पित शहर घेऊ. कौन्सिलर 72, आल्डरमन 24, सभागृह 96 जणांचे, बहुमतासाठी 49 हवेत. समजा, आजवर एकही जागा नसलेला एक नवा पक्ष पहिल्याच वर्षी 24 पैकी 16 वॉर्ड जिंकतो. मतदारांनी दोन तृतीयांश कौल दिला, पण सभागृहात त्याचे 96 पैकी 16 च सदस्य झाले. दुसऱ्या वर्षी तेवढेच यश मिळाले तर 32. तिसऱ्या वर्षीही मिळाले तर 48, म्हणजे बरोबर निम्मे. समोर जुन्या पक्षाचे 24 कौन्सिलर आणि 24 आल्डरमन, तेही 48. लागोपाठ तीन निवडणुका दणक्यात जिंकूनही हा पक्ष लॉर्ड मेयरच्या निर्णायक मताकडे डोळे लावून बसलेला असेल. ते तिसरे वर्ष आल्डरमनांच्या निवृत्तीचे असेल तरच चित्र पालटते, कारण 9 नोव्हेंबरच्या सभेत कौन्सिलरांच्या मतांनी 12 नवे आल्डरमन निवडले जातात आणि त्या वेळी 72 पैकी 48 कौन्सिलर या पक्षाचे असतात.

म्हणून त्या काळच्या वर्तमानपत्रांत निकालाखाली ‘इतक्या जागा मिळवल्या, इतक्या गमावल्या’ असा हिशेब ठळक छापलेला असे. त्या वर्षी किती वॉर्ड जिंकले याला फारसा अर्थ नव्हता. त्याच जागा तीन वर्षांपूर्वी कोणाकडे होत्या याच्याशी ताडून पाहिले तरच वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते कळे.

माझे स्पष्ट मत असे, की आल्डरमनांना मतदानाचा अधिकार देणे हा मतदारांवर सरळ अन्याय होता. ज्या माणसाला कोणत्याही वॉर्डाने निवडून दिलेले नाही, त्याने सहा सहा वर्षे शहराच्या तिजोरीवर मत द्यावे हे लोकशाहीत बसत नाही. अनुभवी माणसे सभागृहात टिकून राहावीत हा मूळ हेतू मला मान्य आहे, पण तेवढ्यासाठी आपल्याकडची मताविना सदस्यत्वाची व्यवस्था पुरेशी ठरली असती.

स्नेहलतागंज यांचे उत्तर

मल्हारगंजकरांचा हिशेब अचूक आहे, पण त्यावरून इंग्लंडच्या शहरांत सत्ता नेहमीच मुंगीच्या पावलांनी बदलत असे असा समज होऊ नये. सभागृह एकतर्फी असेल तर बदलाला वर्षे लागत, हे खरे. मात्र दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या तर दरवर्षीच्या मतदानामुळे सत्ता बारा महिन्यांतही हातची जाऊ शकत असे.

शेफील्डचेच पाहा. नोव्हेंबर 1926 मध्ये तिथे मजूर पक्षाला बहुमत मिळाले आणि मोठ्या औद्योगिक शहरांपैकी मजूर पक्षाच्या हाती आलेले ते पहिले शहर ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात सार्वत्रिक संप होऊन गेला होता, कोळसा खाणींतली टाळेबंदी नोव्हेंबरातही चालूच होती, आणि युद्ध संपल्यापासून शस्त्रास्त्रांच्या मागण्या आटल्यामुळे पोलादाच्या कारखान्यांतले हजारो हात रिकामे होते. (त्याच 1926 साली इकडे तुकोजीराव होळकर तिसरे यांनी गादी सोडली आणि यशवंतराव दुसरे हे इंदूरचे महाराज झाले. आपल्या शहराचा कारभार तेव्हा दरबाराच्या मर्जीने चालत होता, हे वाचनमंडळात आवर्जून सांगावे.) शेफील्डमध्ये मजूर पक्षाने ही सत्ता 1932 मध्ये गमावली आणि पुढच्याच वर्षी परत मिळवली.

लीड्समध्ये याहूनही वेगाने घडामोडी झाल्या. नोव्हेंबर 1933 मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि चार्ल्स जेन्किन्सन या धर्मोपदेशक कौन्सिलरकडे गृहनिर्माणाची सूत्रे आली. पाठीला पाठ लावून बांधलेल्या, मागच्या बाजूला खिडकी नसलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा पाडून तिथल्या कुटुंबांना नवी घरे द्यायची आणि भाडे कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे ठरवायचे, अशी त्यांची योजना होती. क्वारी हिलच्या 938 सदनिका याच योजनेतल्या. पण उत्पन्नाप्रमाणे भाडे म्हटल्यावर ज्यांची मिळकत बरी होती त्या जुन्या भाडेकरूंचे भाडे वाढले आणि ते संतापले. नोव्हेंबर 1935 मध्ये सत्ता गेली. पहिले कुटुंब क्वारी हिलमध्ये राहायला जाण्याआधीच ती योजना आखणारे सत्तेबाहेर होते.

म्हणूनच दरवर्षी मतदान ही पद्धत मला सर्वस्वी चांगली वाटत नाही. कौन्सिलर लोकांना जबाबदार राहतो हे खरे, पण ज्या कामाचे फळ पाच-सात वर्षांनी दिसणार आहे त्याला अशा कॅलेंडरात जागाच उरत नाही. त्या मानाने आपला पाच वर्षांचा काळ मला अधिक समंजस वाटतो.

जेलरोड यांचे उत्तर

मी कर-सल्लागार आहे, त्यामुळे मतदार कोण आणि भांडण कशाचे, या आपल्या उरलेल्या दोन प्रश्नांकडे मी कराच्या बाजूनेच पाहतो, आणि खरोखर ते दोन्ही प्रश्न तिथेच एकत्र येतात.

तिथे ‘रेट्स’ नावाचा कर घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर बसे. आपल्या मध्य प्रदेशातही संपत्ती कर वार्षिक भाडेमूल्यावरच बसतो, म्हणून तत्त्व समजायला अडचण नाही. दर ‘पाउंडामागे इतके शिलिंग’ असा सांगत आणि एका पाउंडाचे 20 शिलिंग होत. घराचे करपात्र मूल्य 12 पाउंड आणि दर 15 शिलिंग असेल, तर वर्षाला 180 शिलिंग, म्हणजे 9 पाउंड भरावे लागत. फरक एवढाच, की हा कर मालकाऐवजी राहणाऱ्याच्या नावाने असे. लहान घरांत मालक तो भाड्यातून वसूल करून भरत असे, तरीही बोजा शेवटी भाडेकरूवरच पडे.

मताचा हक्कही याच धाग्याने बांधलेला होता. 1918 च्या कायद्यानुसार, मालक किंवा भाडेकरू म्हणून जागेचा ताबा सहा महिने असणाऱ्याला नगरपालिकेचे मत मिळे. त्याच्या पत्नीलाही ते मिळे, पण तिचे वय 30 पूर्ण असावे लागे. 1928 मध्ये ही अट 21 वर आली. आई-वडिलांच्या घरात राहणारा पंचवीस वर्षांचा कमावता मुलगा संसदेसाठी मत देऊ शके, शहराच्या कौन्सिलसाठी नाही. सामानासकट भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणाऱ्याचीही तीच गत. हा भेद 1945 पर्यंत टिकला. त्यामुळे संसदेच्या आणि कौन्सिलच्या निकालांतील मतांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, कारण मतदार यादीच वेगळी होती.

आकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी. पुष्कळ वॉर्डांत दुसरा उमेदवारच उभा राहत नसे आणि तिथला कौन्सिलर बिनविरोध निवडून येई. ज्या वॉर्डात एखादा पक्ष सर्वांत भक्कम, नेमका तोच वॉर्ड बिनविरोध जाई आणि तिथली मते बेरजेत येतच नसत. शहरभराची टक्केवारी काढून कोण किती लोकप्रिय होते हे ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मतपत्रिका कशी असे, हेही वाचनमंडळात दाखवण्यासारखे आहे. तीवर उमेदवाराचे आडनाव, नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढेच छापलेले असे. पक्षाचे नाव नाही, चिन्ह नाही. मतदाराने पडद्याआड जाऊन पेन्सिलीने फुली मारायची. पक्षाचा कार्यकर्ता आठवडाभर दारोदार फिरून एकच गोष्ट घोकवून घेत असे, ती म्हणजे आपल्या माणसाचे नाव. आपल्याकडे नाव विसरले तरी चिन्ह आठवते. तिथे नाव विसरला तो मतदार गमावला.

भांडण मुख्यतः घरांचे आणि रेट्सचे. 1919 च्या अॅडिसन कायद्याने कौन्सिलांना घरे बांधण्याची जबाबदारी दिली आणि 1924 च्या व्हीटली कायद्याने एका घरामागे वर्षाला 9 पाउंड, असे 40 वर्षे, सरकारी अनुदान ठरवून दिले. उरलेला खर्च रेट्समधून आणि भाड्यातून. घरे हवीत म्हणणारे एकीकडे, रेट्स कमी करा म्हणणारे दुसरीकडे, आणि दुसऱ्या बाजूला बऱ्याच शहरांत कॉन्झर्व्हेटिव्ह व लिबरल एकत्र येऊन ‘सिटिझन्स’ अशा नावाखाली लढत. ब्रिस्टलच्या सिटिझन पक्षाकडून मजूर पक्षाने 1937 मध्ये सत्ता घेतली.

रामबागकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. अजून दोन शंका राहतात. पॉपलरमध्ये 1919 मध्ये मजूर पक्षाला 42 पैकी 39 जागा एकदम मिळाल्या असे वाचले. एक तृतीयांशाचा नियम असेल तर हे शक्य कसे झाले? आणि कौन्सिलर जर आल्डरमन म्हणून निवडला गेला तर त्याच्या वॉर्डाचे काय होई?

मल्हारगंजकर

पॉपलर हा लंडनमधला बरो, म्हणजे स्वतःचे कौन्सिल असलेला शहराचा एक भाग होता. लंडनच्या 28 मेट्रोपॉलिटन बरोंमध्ये एक तृतीयांशाची पद्धत नव्हती, सगळे कौन्सिलर तीन वर्षांनी एकत्र निवडले जात. 1919 मध्ये युद्धानंतरचे पहिलेच मतदान झाले आणि एका दिवसात सभागृह पालटले. हे लक्षात घेतले की 1921 चे प्रकरणही समजते. बेकारांना मदत देण्याचा सगळा भार गरीब बरोंवर पडत होता, श्रीमंत बरोंवर नाही. त्याविरुद्ध जॉर्ज लॅन्सबरी यांच्या नेतृत्वाखाली पॉपलरने लंडन काउंटी कौन्सिल या सबंध लंडनच्या संस्थेला द्यायची रक्कम रेट्समध्ये बसवण्यास नकार दिला आणि 30 कौन्सिलर तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनमध्ये, स्त्रिया हॉलोवेमध्ये. कौन्सिलच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरत आणि स्त्री सदस्यांना तिथे आणले जाई. अखेरीस सरकारला कायदा करून गरिबांच्या मदतीचा खर्च सर्व लंडनवर वाटावा लागला. सभागृहात निम्मे विरोधक आणि वर आल्डरमनांचा ताफा असता तर असा ठराव टिकला असता असे मला वाटत नाही.

याच एकगठ्ठा पद्धतीमुळे 1934 मध्ये दोन भारतीय मजूर पक्षातर्फे कौन्सिलर झाले, सेंट पँक्रसमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन आणि फिन्सबरीमध्ये डॉ. चुनीलाल कटियाल. कटियाल यांनी सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्षपद सांभाळले, 1938 मध्ये फिन्सबरीचे आरोग्य केंद्र उघडले गेले आणि त्याच वर्षी ते बरोचे मेयर झाले. मंडळात हा भाग जरूर घ्यावा.

स्नेहलतागंज

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे. कौन्सिलर आल्डरमन झाला की त्याची वॉर्डातली जागा रिकामी होई आणि तिथे पोटनिवडणूक घ्यावी लागे. सहसा हे 9 नोव्हेंबरच्या सभेनंतर लगेच घडे. म्हणून आल्डरमन-निवडीच्या वर्षी 1 नोव्हेंबरचे निकाल पाहून थांबू नये. त्याच महिन्यातल्या पोटनिवडणुकाही मोजाव्यात. बहुमत एक-दोन जागांचे असेल तर सत्ताधारी पक्ष आपला भक्कम वॉर्डातला कौन्सिलरच आल्डरमन करी, कारण जी जागा पुन्हा जिंकता येईल तीच मोकळी करणे त्याला परवडत असे.