तोडफोड वाढली आहे की तिची नोंद?

प्रश्न:
आमच्या रहिवासी संघाकडे गेल्या तीन वर्षांतील नासधुशीच्या तक्रारींची वही आहे. फुटलेले पथदिवे, उखडलेले बाक, गाड्यांवर ओढलेले ओरखडे, भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने केलेले विद्रूपीकरण, हे सगळे तीत एकत्रच लिहिले जाते. यंदा नोंदी जवळपास दुप्पट झाल्यामुळे पहारेकरी वाढवावेत, असा आग्रह सुरू आहे. परंतु याच वर्षी छायाचित्रासह मोबाइलवरून तक्रार करण्याची सोय झाली. अशा वेळी खरी वाढ कशी ओळखावी?

पहिले उत्तर:
तक्रारींची वही बाजूला ठेवून दुरुस्तीची बिले काढा. दिवा फुटला की कोणी तक्रार करो वा न करो, तो बदलावाच लागतो. त्यामुळे किती दिवे आणि किती काचा विकत घेतल्या, हा आकडा तक्रारीच्या सोयीवर अवलंबून राहत नाही. भिंतीवरच्या रेघोट्यांचे तसे नसते, कारण पूर्वी त्या पाहूनही लोक पुढे निघून जात असत. वाऱ्याने किंवा चेंडूने फुटलेली काचही अनेकदा 'तोडफोड' म्हणूनच लिहिली जाते, तीही वगळावी.

दुसरे उत्तर:
वाढ खरी निघाली, तरी पहाऱ्याआधी दुरुस्तीचा वेग तपासावा. अमेरिकी अभ्यासक विल्सन आणि केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडले होते की फुटकी खिडकी तशीच राहिली, तर इथे कोणाचे लक्ष नाही असा समज पसरतो आणि बाकीच्या खिडक्याही फुटतात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८४ पासून स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगाने विद्रूप केला गेल्यास तो पुसल्याशिवाय सेवेत न ठेवण्याचे धोरण राबवले आणि १९८९ पर्यंत सर्व डबे स्वच्छ केले. आपले काम कोणालाच दिसणार नसेल, तर रंगवणाऱ्याचा उत्साह ओसरतो.

तिसरे उत्तर:
हे भिंतींना लागू पडेल, ओरखड्यांना पडेलच असे नाही. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी नासधुशीचे हेतूनुसार प्रकार पाडले होते: चोरीसाठी केलेली, सूड म्हणून केलेली, निषेधासाठी केलेली, निव्वळ खेळ म्हणून केलेली, इत्यादी. वाहन लावण्याच्या जागेवरून झालेल्या भांडणानंतर एकाच गाडीवर वारंवार ओरखडे उमटत असतील, तर तिथे भिंत कितीही तत्परतेने रंगवून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे जागा, वार आणि अंदाजे वेळ लिहा; एकूण बेरजेतून यातले काहीच दिसत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:
बिले तपासली. दिव्यांची खरेदी तिन्ही वर्षे साधारण सारखीच आहे. वाढलेल्या बहुतेक नोंदी भिंतींच्या असून त्यांतील निम्म्याहून अधिक मागच्या अंधाऱ्या बोळातील एकाच भिंतीच्या आहेत, आणि ती भिंत गेल्या वर्षभरात एकदाही रंगवलेली नाही. ओरखड्यांच्या नोंदींत मात्र वेळ लिहिलेली नसल्याने त्यांच्याबद्दल आताच काही सांगता येत नाही.