कार्यपत्रिका मुक्त भांडारात ठेवताना परवाना कोणता द्यावा?

प्रश्न

माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवताना विद्युत परिपथांवरच्या सुमारे चाळीस कार्यपत्रिका मी तयार केल्या आहेत. आजवर त्या सहकाऱ्यांना ईमेलने पाठवत आले. आता ओईआर कॉमन्ससारख्या, शैक्षणिक साहित्य सर्वांना विनामूल्य देणाऱ्या ऑनलाइन भांडारात त्या ठेवाव्यात, असे वाटते. दोन शंका मात्र मिटत नाहीत. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा बाय-एनसी-एनडी (बाय: श्रेय द्या, एनसी: व्यापारी वापर नको, एनडी: बदललेली प्रत वाटू नका) परवाना घेतला, तर कोणी माझे लेखन विकणार नाही आणि त्याची मोडतोडही करणार नाही. मग तोच सर्वांत सुरक्षित नव्हे का? दुसरी शंका आकृत्यांची आहे. त्यांतल्या बऱ्याच मी त्या त्या वेळी इंटरनेटवरून उचललेल्या आहेत आणि कुठून, हे आता आठवत नाही. वर्गात वापरताना याची कधी अडचण आली नव्हती.

उत्तर १

एनडी लावलेले साहित्य विनामूल्य असले तरी मुक्त शैक्षणिक संसाधन ठरत नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या शिफारशीतील व्याख्येत पुनर्वापर आणि पुनर्वितरणाबरोबरच साहित्यात बदल करण्याची मुभाही स्पष्टपणे धरलेली आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की तुमच्या पत्रिकेत तीन घटांची जोडणी आहे आणि दुसऱ्या शिक्षकाकडे दोनच घट आहेत, तर आकडे बदललेली पत्रिका तो स्वतःपुरती करू शकेल, पण इतरांना देऊ शकणार नाही. भाषांतरही बदलच धरले जाते, त्यामुळे तेही प्रसिद्ध करता येणार नाही. ज्याला तुम्ही मोडतोड म्हणता, बहुतेक वेळा तोच त्या साहित्याचा खरा उपयोग असतो.

विक्रीची भीती असेल, तर मी सीसी बाय-एसए सुचवेन. कोणी पत्रिकेत भर घालून ती विकली, तरी त्याला तुमचे श्रेय द्यावे लागते आणि सुधारित प्रत त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागते; जे खुले आहे ते विकून फारसे काही हाती लागत नाही. शिवाय एनसी किंवा एनडी यांपैकी एक जरी अट असली, तरी ते साहित्य विकिमीडिया कॉमन्स हे मुक्त चित्रभांडार स्वीकारत नाही.

उत्तर २

एनसीबाबत मी इतका कठोर होणार नाही. एमआयटी ओपनकोर्सवेअरचे साहित्य बाय-एनसी-एसए याच परवान्याखाली आहे आणि ते जगभर वापरले जाते. अडचण येते ती मिश्रण करताना: बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए परवान्यांचे दोन मजकूर बदलून, मिसळून एकच नवी पत्रिका करता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपलीच अट पुढे चालवायला सांगतात.

आकृत्यांचे म्हणाल, तर उगम माहीत नसलेले चित्र भांडारात ठेवू नका. वर्गातील वापराला अनेक देशांचे कायदे सवलत देतात. ती सवलत जाहीर प्रकाशनाला लागू पडेलच असे नाही, आणि जे आपले नाही त्याला परवाना देण्याचा अधिकारही आपल्याला नसतो. परिपथाची कल्पना मात्र कोणाच्या मालकीची नसते, मालकी विशिष्ट रेखाटनाची असते. म्हणून इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृत्या नव्याने काढा. मी तसे करायला बसलो, तेव्हा माझ्याच एका जुन्या पत्रिकेत अमीटर चुकून थेट घटाला समांतर जोडलेला निघाला. उसन्या चित्राकडे आपण इतके नीट कधी पाहतच नाही! जी चित्रे खुल्या परवान्याची आहेत, त्यांच्याखाली शीर्षक, निर्माता, स्रोत आणि परवाना या चारही गोष्टी लिहा. नोकरीच्या करारात साहित्याची मालकी संस्थेकडे दिलेली नाही ना, हेही आधी पाहून घ्या.

उत्तर ३

केवळ पीडीएफ ठेवण्याची चूक मी केली होती, ती तुम्ही करू नका. समांतर जोडलेल्या प्रत्येकी ६ ओहमच्या दोन रोधांचे उत्तर मी ३ ऐवजी १२ छापले होते. एका वाचकाने ते दाखवून दिले, तोवर मूळ फाइल जुन्या संगणकाबरोबर गेलेली होती आणि सगळी पत्रिका पुन्हा टंकावी लागली. पीडीएफबरोबर संपादन करता येईल अशी ओडीटी फाइलही ठेवा. झेनोडोसारख्या भांडारात प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो, त्यामुळे कोणी कोणती प्रत वापरली, हे कळते. वर्णनात इयत्तेचा आकडा पुरेसा नाही, कारण तो देशागणिक बदलतो. पूर्वज्ञान, लागणारा वेळ आणि साहित्य लिहा. आणखी एक, सीसी परवाना दिल्यावर मागे घेता येत नाही: तुम्ही फाइल काढली, तरी ज्यांनी ती आधी घेतली त्यांचा हक्क राहतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. बाय-एसए घेण्याचे ठरवले आहे. काल पहिल्या सहा पत्रिका तपासल्या. त्यांतल्या अकरा आकृत्यांपैकी फक्त दोन माझ्या स्वतःच्या निघाल्या, त्यामुळे चाळीस पत्रिका एकदम ठेवण्याचा विचार सोडून आधी या सहाच पुन्हा काढते आहे.