मागचे पाय गेले म्हणजे रोग एकच असं नाही

पँथर (अमेरिकेतल्या फ्लोरिडातला प्यूमा, मोठं रानमांजर) काय नि कुत्रा काय, दोघांचे मागचे पाय लटपटतात म्हणजे साथ एकच, असं कुणीतरी म्हणालं, ते नाही पटत. फ्लोरिडात पँथर अन बॉबकॅटला (हेही एक रानमांजर) जे होतंय (२०१९ ला तिथल्या वन्यजीव खात्याने जाहीर केलं, ट्रेल कॅमेऱ्यात पिल्लं झोकांड्या खाताना दिसलेली) त्यात मज्जारज्जूच खराब होतो.

कुत्र्यात मात्र आधी गोचीड शोधा! काही गोचिडींच्या लाळेतल्या विषाने लुळेपणा येतो, तो मागच्या पायांपासून वर चढत जातो. आमच्या कुत्रीचं असंच झालेलं, एक्सरे नॉर्मल, शेवटी व्हेटने कानामागचे केस बाजूला करून टम्म फुगलेली गोचीड काढली आणि दुसऱ्या दिवशी बाई स्वतः उठून पाणी प्यायली. बोटांच्या बेचक्या, कानाच्या घड्या हाताने चाचपा, नुसतं बघून सापडत नाही.