डी.फार्म.चे ५०० तास: गावातले मेडिकल की मिरजेतील रुग्णालय?

प्रश्न: तासगावची विद्यार्थिनी

नमस्कार. डी.फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्र पदविका) दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली असून आता ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करायचे आहे. गावातील एका मेडिकलच्या मालकांनी वडिलांना सांगितले की, मुलीने रोज येण्याची गरज नाही, तीन महिन्यांनी सही-शिक्का घेऊन जावे. दुसरीकडे, मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या औषध विभागात मला जागा मिळत आहे. मात्र रोजचा एसटीचा प्रवास आहे आणि विद्यावेतन नाही. फार्मसिस्ट म्हणून नोंदणीसाठी लागणाऱ्या एक्झिट परीक्षेचा अभ्यासही करायचा आहे. पुढे स्वतःचे दुकान काढण्याचा विचार असल्याने, यांतील काय निवडावे याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: निवृत्त फार्मसिस्ट, मिरज

ताई, पहिला पर्याय मनातून काढून टाका. घरी बसून आणलेला दाखला खोटा असतो आणि नोंदणीच्या वेळी तुम्ही तोच सादर करणार असता. शिवाय नियमात केवळ ५०० तास नाहीत, ते किमान तीन महिन्यांत विभागलेले असावेत आणि त्यांपैकी किमान २५० तास प्रत्यक्ष डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध देण्यात जावेत, असे अपेक्षित आहे. आठवड्यातून सहा दिवस धरले तर रोजचे साडेसहा तासही पुरतात, त्यामुळे अभ्यासाला वेळ उरतो.

मात्र रुग्णालय म्हणजे आपोआप चांगले, असेही नाही. काही ठिकाणी प्रशिक्षणार्थीला दिवसभर वॉर्डांच्या मागण्यांप्रमाणे सलाइनच्या बाटल्या मोजायला लावतात. म्हणून रुजू होण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा: बाह्यरुग्णांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात येतील का, आणि मी काढलेले औषध देण्याआधी नोंदणीकृत फार्मसिस्ट तपासतील का? उदाहरणार्थ, मेथोट्रेक्सेटची संधिवातासाठीची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. अशी चिठ्ठी समोर आल्यावर थांबून वार विचारणे आणि पाकिटावर तो ठळक लिहून देणे, ही सवय हाताला लागते, पुस्तकातून लागत नाही. मिरजेत सीमेपलीकडचे कन्नडभाषक रुग्ण पुष्कळ येतात, त्यामुळे 'जेवणाआधी', 'जेवणानंतर' एवढे तरी कन्नडमध्ये सांगता आले तर फार उपयोग होतो. (मी ते चहाच्या टपरीवर शिकलो.)

उत्तर: मेडिकल दुकानदार, सातारा

वरील मताशी सहमत आहे. फक्त दुकानाची बाजू मांडतो. स्वतःचे मेडिकल काढायचे असेल तर रुग्णालयात न दिसणाऱ्या गोष्टी शिकाव्या लागतील: स्टॉकिस्टचे (घाऊक विक्रेत्याचे) बिल आणि माल यांचे बॅच नंबर जुळवणे, शॉर्ट एक्सपायरीचा माल पुढे ठेवणे, मुदत संपलेला वेळेत परत करणे आणि शेड्यूल एच-वनची (ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची) नोंदवही लिहिणे. सेफिक्झिम किंवा अल्प्राझोलाम दिल्यावर डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण त्याच वेळी नोंदवायचे असते आणि ती नोंद तीन वर्षे जपायची असते. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने पहिल्या आठवड्यात या नोंदी 'रात्री एकदम लिहू' म्हणून ठेवल्या आणि रात्री अर्ध्या आठवेनात. इन्शुलिनचा फ्रिज २ ते ८ अंशांत आहे की नाही, हे सकाळ-संध्याकाळ पाहणे हेदेखील शिक्षणच आहे. व्हायल (इन्शुलिनची छोटी बाटली) बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठली तर ती वापरता येत नाही.

उत्तर: माजी विद्यार्थी, कराड

प्रशिक्षण एकापेक्षा अधिक ठिकाणी करता येते. मी दोन्हीकडे केले होते, पण आधी महाविद्यालयाची लेखी संमती घेतली. रोजची हजेरी आणि केलेले काम त्याच दिवशी वहीत लिहून सही घ्यावी. शेवटच्या आठवड्यात साठ दिवसांच्या सह्या मागायला गेलो तेव्हा आमचे सर चांगलेच रागावले. प्रवासाचा खर्च मात्र सोसावा लागतो, त्याला इलाज नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांशी बोलले, त्यांनी गावातील मालकांना नकार कळवला आहे. आधी दोन महिने मिरजेत आणि उरलेला काळ सांगलीतील, जिथे फार्मसिस्ट स्वतः काउंटरवर उभे असतात अशा मेडिकलमध्ये, असा विचार आहे. उद्या महाविद्यालयात संमतीचा अर्ज देते. सातारच्या काकांना एक विचारायचे होते: लहान मुलांच्या अँटिबायोटिक पावडरच्या बाटलीत पाणी दुकानातच मिसळून द्यावे की पालकांना सांगावे?

मेडिकल दुकानदार, सातारा

पालक लांबून येणार असतील तर सांगून द्यावे आणि बाटलीवरील खुणेवर बोट ठेवून दाखवावे: उकळून गार केलेले पाणी, खुणेपर्यंतच, आणि प्रत्येक वेळी हलवून. मिसळल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर वाचून त्यांच्यासमोर तारीख लिहावी. उरलेले औषध पुढच्या तापासाठी ठेवू नका, हेही सांगावे, कारण बहुतेक जण ठेवतात.