मदत हवी आहे: हाताला दिलेली क्लोबेटासॉलची ट्यूब परत चालू करू का?

बागवाली_तासगाव
ह्यांच्या हाताला डॉक्टरांनी क्लोबेटासॉल मलम दिलं होतं, लावलं तेव्हा एकदम चांगलं झालं आणि बंद केलं की थोड्याच दिवसांत परत जैसे थे. ट्यूब अर्धी शिल्लक आहे. परत लावू का नको एवढंच सांगा. मिरजेला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि आत्ता द्राक्षबागेत मजूर लावलेत, कुणालाच वेळ नाही. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहून जाऊ नका प्लीज, ते मला पण कळतंय.

विट्याचा_पाटील
ताई, हाताला झालंय काय ते लिहिलंच नाही तुम्ही. खाज आहे, भेगा आहेत का फोड? एका हाताला का दोन्ही? किती दिवस लावायला सांगितलं होतं?

आष्टेकर_मावशी
अगं सांगलीची हळद जगात जाते आणि आपण ट्यूबा घेत बसतो. हळद खोबरेल तेलात कालवून रात्री लाव, माझ्या जावेचे हात त्यानेच बरे झाले. स्टेरॉइड म्हणजे विष, शरीरात भिनतं आणि मग सुटत नाही.

मेडिकल_कराड
मावशी, विष नाही हो. कराडला आमचं मेडिकल आहे, रोज बघतो, भीतीने लोक दोन दिवसांत बंद करतात मग आजार बरा होत नाही, आणि दुसरीकडे लोक वर्षभर लावत बसतात. दोन्ही चूक. क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार, म्हणून सलग दोन आठवड्यांच्या वर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावायचं नाही. हायड्रोकॉर्टिझोन सौम्य, बीटामेथासोन आणि मोमेटासोन जोरदार. नुसतं "स्टेरॉइड" म्हणून काही कळत नाही, कुठलं आणि कुठे लावलं त्यावर सगळं आहे. आणि उललेल्या कातडीवर हळद झोंबेल, काहींना तिचीच ॲलर्जी असते.

आष्टेकर_मावशी
आमच्या चार पिढ्या हळदीवर वाढल्या, कुणाला ॲलर्जी झाली नाही.

बागवाली_तासगाव
दोन्ही हात, पालथ्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यात. लाल होतं, सालटं निघतात, आग होते. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ सांगितलं होतं, तेवढंच लावलं.

इस्लामपूर_७७
बेचक्यात आहे म्हणजे खरूज नाही ना? रात्री जास्त खाजतं का, घरात अजून कुणाला आहे का? मला तर मेडिकलवाला ते सगळं एकत्र असलेलं मलम देतो, त्यात बुरशीचं, जंतूचं आणि खाजेचं तिन्ही असतं, काहीही असलं तरी लागू पडतं. तेच घ्या, कशाला डोकं लावताय.

मेडिकल_कराड
काहीही असलं तरी लागू पडतं हेच तर वाईट आहे दादा! त्यात स्टेरॉइड असतं, खाज लगेच थांबते आणि नायटा असला तर तो आतल्या आत पसरत जातो. मग जांघेत, पोटावर, घरभर. वर नायट्याची कडा पुसट होते, डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही, कातडी खरवडून तपासावी लागते. २०१८ साली सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती ह्याचसाठी. तरी दुकानात येऊन लोक भांडतात की मागच्या वेळी दिलं होतं मग आता का नाही.

इस्लामपूर_७७
सगळे मेडिकलवाले देतात. तुम्ही एकटेच नियम सांगताय.

कोंडाग्रस्त_सातारा
कोंड्यासाठी केटोकोनॅझोल शॅम्पू पाच मिनिटं ठेवून धुवायचा, आठवड्यातून दोनदा. मला खूप फरक पडला.

विट्याचा_पाटील
ताई, घरचे काम काय करतात? तुम्ही बाग म्हणालात. ऑक्टोबर छाटणी झाली का?

बागवाली_तासगाव
झाली की, म्हणूनच तर गडबड. काडीचे डोळे (कोंब) लवकर फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायचं काम हेच करतात, मजूर नीट लावत नाहीत म्हणून. रात्री खाज जास्त नसते आणि घरात दुसऱ्या कुणाला नाही.

विट्याचा_पाटील
हे आधी सांगायचं होतं! पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं, कातडी भाजते त्याने. आमच्या भावाला हेच झालं होतं. हात रोज त्यात घालायचे आणि रात्री मलम लावायचं म्हणजे तुंबलेल्या मोरीचं पाणी उपसत बसायचं आणि नळ चालूच ठेवायचा. आधी लांब बाह्यांचा शर्ट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. आणि पेस्टच्या दिवसांत आणि पुढेही काही दिवस दारू अजिबात नको, चेहरा लाल होऊन धडधडायला लागतं.

मेडिकल_कराड
एकदम बरोबर, पण एक बघा. मलम लावून लगेच रबरी मोजे घालायचे नाहीत. झाकलं की औषध कितीतरी जास्त आत जातं, कातडी पातळ पडते. मलम कामावरून येऊन हात धुऊन, रात्री. प्रमाण म्हणजे तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी रेघ येते ते साधारण अर्धा ग्रॅम, तेवढं एका पूर्ण हाताच्या दोन्ही बाजूंना पुरतं. तुमचं नुसतं पालथ्या बाजूला आहे, त्यामुळे कमी लागेल. चोळायचं नाही, पातळ थर. साधं व्हॅसलीन दिवसातून कितीही वेळा चालेल, फक्त दोन्ही एकदम नको, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. आणि मोज्यांच्या आत सुती मोजे, नाहीतर घामानेच परत खाजेल. परत चालू करायचं का ह्याला मी हो म्हणणार नाही. मिरजेला जायला जमत नसेल तर निदान फोन करून पेस्टचं सांगा, त्यांना ते माहीत नसणार.

पलूसचा_पोरगा
तासगावात पाऊस झाला का हो? आमच्याकडे डाउनीने (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) घड गेले.

बागवाली_तासगाव
पावसाचं नंतर सांगते. अजून एक, आत्या म्हणतात बाळाच्या लंगोटाच्या जागी लाल झालंय तिथे हीच ट्यूब थोडी लावू, अर्धी पडूनच आहे म्हणून.

मेडिकल_कराड
नको!! आत्यांना आत्ताच सांगा. लहान बाळाची कातडी पातळ, त्यात लंगोट म्हणजे झाकलेलीच जागा. क्लोबेटासॉल तिथे अजिबात नाही. चेहरा, जांघ, काख, डोळ्याजवळ मोठ्यांनीसुद्धा नाही. बाळाला जागा कोरडी ठेवा, झिंक ऑक्साइडचं साधं मलम लावा, दोन-तीन दिवसांत कमी नाही झालं तर दाखवा. आणि ट्यूब बाळाच्या सामानाजवळ ठेवूच नका, घाईत तीच हातात येते.

आष्टेकर_मावशी
बाळाला खोबरेल तेल लावलं तर चालेल ना? हळद नाही म्हणत.

मेडिकल_कराड
तेल चालेल मावशी. पातळच लावा.

बागवाली_तासगाव
आत्यांकडून ट्यूब घेतली, कपाटात वर ठेवली. मिरजेला फोन लावला, पेस्टचं ऐकून त्यांनी फोटो पाठवायला सांगितलेत आणि तोपर्यंत ट्यूब बंद ठेवायची म्हणाले. पेस्टचं काम उद्यापासून दुसऱ्याला देतो म्हणाले हे. तासगावात कोपरापर्यंतचे हातमोजे कुठे मिळतील?

विट्याचा_पाटील
कृषी सेवा केंद्रात फवारणीच्या सामानात बघा. आखूड देतात, कोपरापर्यंतचेच मागा. ज्याला काम देताय त्यालाही एक जोड घ्या.