हिशेबाचा कागद मागितला की डॉक्टरांना राग का यावा?

केळीवाला, रावेर
पुतण्याला डेंग्यू झाला म्हणून जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. पोरगा बरा झाला, उपचारांबद्दल तक्रार नाही. डिस्चार्जच्या दिवशी मात्र अर्ध्या पानाची पावती हातात आली: बेड, व्हिजिट, औषधं, इतर चार्जेस. न फोडलेल्या सलाईनच्या बाटल्या मावशींनी आमच्यासमोर पिशवीत भरून खालच्या मेडिकलवर परत नेल्या होत्या. त्यांचे पैसे कुठे वजा झाले, ते त्या पावतीत दिसेना. भावाने विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, "आधी पैसे भरा, मग बोला." फाईलची झेरॉक्स मागितली तर म्हणे फाईल दवाखान्याची.

राज्याच्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आणि 15 सेवांचे दर दर्शनी भागात लावणं तेव्हापासून बंधनकारक आहे. मागणी केल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावीत, हे मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतच आहे. तपशीलवार बिल न मागता मिळालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टर, चाळीसगाव
हक्क मला मान्य आहेत. पण दहा-बारा खाटांचा दवाखाना कसा चालतो तेही बघा. फोन घेणारा, पैसे घेणारा आणि रात्री सलाईन बदलणारा माझ्याकडे एकच माणूस आहे. कापूस विकला की देतो म्हणून गेलेल्यांची उधारी वहीत तशीच पडून आहे. दरांचा फलक मी लावलाय. लोक तोच अंतिम आकडा धरून चालतात. तापाचा पेशंट रात्रीतून शॉकमध्ये गेला की खर्च वाढतो, आणि सकाळी वीस जण फलकासमोर उभे राहून मला जाब विचारतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नाही. मोठी हॉस्पिटलं माणसं ठेवून सगळे कागद पुरे करतील. आमच्यासारखे बंद झाले तर तुम्हाला प्रत्येक तापाला नाशिक गाठावं लागेल.

केळीवाला, रावेर
डॉक्टरसाहेब, ते वीस जण येतात कारण आदल्या रात्री त्यांना कोणी काही सांगितलेलं नसतं. खर्च वाढणार हे त्याच वेळी सांगा, रोज संध्याकाळी झालेला आकडा नातेवाइकाला दाखवा, सही घ्या. औषधांचं म्हणाल तर मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरात बॅच नंबरसकट सगळं असतं. परत आलेल्या मालाची नोंदही तिथेच होते. तो कागद छापायला जास्तीचा माणूस कशाला लागतो?

आशाताई, धडगाव
तुमचं बिलावर चाललंय, आमच्याकडे गाडी त्याच्या आधीच अडते. पाड्यावरून बाई झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायची, तिथून ॲम्ब्युलन्स, तिथून नंदुरबार. नवरा मजुरीला गुजरातेत. सिझेरियनच्या कागदावर सासूचा अंगठा घेतात. तिला फक्त आमची पावरी बोली कळते आणि कागद मराठीत. एकदा मी बाळंतिणीजवळ बसून पावरीत सांगितलं, की पोट का फाडायचं आणि नाही फाडलं तर काय होईल. तिने दोन प्रश्न विचारले, मग स्वतः हो म्हणाली. मी नसते तर तिला कोणी विचारलंच नसतं. उपचाराआधी रुग्णाला समजेल असं सांगून संमती घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलंय. भिंतीवरची सनद वाचता येणाऱ्यांसाठी. आमच्या बायांना त्यांच्या बोलीत सांगणारं माणूस लागतं, चोवीस तास.

निवृत्त कर्मचारी, धुळे
ताईंचं खरं आहे, पण नुसते नियम वाढवून काय होतं? दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलाच नाही. तपासणी करणार कोण, तर मनपा हद्दीत मनपाचे डॉक्टर, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. म्हणजे डॉक्टरच डॉक्टरला तपासणार. डॉक्टरांविरुद्ध ग्राहक न्यायालयाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाने पक्का झाला, पण तिथे तारखांना जायचं कोणी, मजुरी बुडवून? आणि सगळं खापर खासगीवर फोडू नका. जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात एक वृद्ध कोविड रुग्ण बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. आपलं माणूस कुठल्या खाटेवर आहे हे कळणं, हा तर पहिला हक्क. माझं मत विचाराल तर सनदेपेक्षा आधी वॉर्डात माणसं भरा.

आशाताई, धडगाव
दादा, माणसं भरा म्हणायचं आणि तोवर थांबायचं का? बाळंतीण थांबत नाही. मनुष्यबळ कमी असलं तरी नातेवाइकाला दिवसातून एकदा बोलावून सांगता येतंच.

डॉक्टर, चाळीसगाव
परत गेलेल्या औषधांची वेगळी पावती द्यायला हवी, हे मी मान्य करतो. मेडिकलवाल्याला तसं सांगतो. पण फाईल तोंडी मागितल्यावर लगेच देणार नाही. कोण नातेवाईक, कुठला, काही माहीत नसतं, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हीसुद्धा माझीच जबाबदारी आहे. रुग्णाच्या सहीचा लेखी अर्ज द्या.

केळीवाला, रावेर
अर्जाला ना नाही. फक्त अर्ज घेतल्याची पोच त्याच वेळी तारीख-वेळ टाकून द्या, कारण 72 तास तिथून मोजायचे आहेत.