मेलबर्न १९५६ की जकार्ता १९६२? आपला सगळ्यात भारी फुटबॉल संघ कोणता?

डबेवाला_विनू
मंडळी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद पेटलाय. आमचे सावंतसाहेब म्हणतात, भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला तो १९५६ चा संघ सर्वांत मोठा, त्यापुढे बोलायचंच नाही. मी म्हणतो १९६२ चा, जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेतला. पण मला सुवर्णपदक सोडून दुसरा मुद्दाच सुचत नाही. हरलेल्याने सगळ्यांना वडापाव द्यायचे ठरलंय आणि आम्ही चौदा जण आहोत. कृपा करा.

सांताक्रूझचा_राजा
सुनील छेत्रीचा संघ. ९५ गोल. विषय संपला.

कूपरेजकर
राजाभाऊ, छेत्रीबद्दल आदर आहेच, पण विचारलंय संघाबद्दल.

विनू, साहेबांना आधी एवढंच विचारा: मेलबर्नला आपण सामने किती जिंकलो? एक. पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही, पुढे चाल मिळाली. मग ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि थेट उपांत्य फेरीत. तिथे युगोस्लाव्हियाकडून १-४, कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून ०-३. संपली स्पर्धा. सगळे मिळून संघच अकरा होते.

तो एक विजय मात्र खणखणीत होता, ते नाकारू नका. नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची पहिलीच. आपल्या मुंबईकडून खेळणारा पोरगा. युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच, थोडा वेळ का होईना आपण पुढे होतो! १९५२ ला हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ धुतलं होतं, हे लक्षात घेतलं की त्या गोलाची किंमत कळते.

आता जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. दुसरा कुठला संघ असता तर तिथेच गळपटला असता. नंतर थायलंड ४-१, जपान २-० आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनाम ३-२. अंतिम फेरीत समोर परत कोरिया, म्हणजे १९५६ आणि १९६० चा आशिया कप जिंकलेला देश.

साहेबांना जर्नैल सिंगची गोष्ट सांगाच. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. मूळचा बचावपटू. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला घरी नाही बसवलं, सरळ पुढे सेंटर फॉरवर्डला लावलं! डोक्याला पट्टी बांधून उपांत्य सामन्यात गोल, अंतिम सामन्यातही गोल. पहिला पी. के. बॅनर्जींचा, पाठोपाठ याचा, पहिल्या वीस मिनिटांत २-०. कोरियाने शेवटी एक फेडला, पण उशीर झाला होता. मैदानात लाखभर लोक आणि सगळे आपल्याविरुद्ध, कारण इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल आपल्या एका पदाधिकाऱ्याने जाहीर नाराजी दाखवली होती. रहीमसाहेब स्वतः कर्करोगाने खंगलेले. पुढच्या जूनमध्ये गेलेच.

मी मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे फुटबॉल सामने बघत मोठा झालो. बाजूला बसणारे म्हातारे पारशी आणि कॅथलिक काका मेलबर्नबद्दल कौतुकाने बोलायचे, जकार्ताबद्दल मात्र छाती फुगवून.

मडगांवचो_पात्रांव
कूपरेजकर, फॉर्च्युनातो फ्रँकोंचं नाव राहिलं की! आमच्या कोलवाळचे, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सकडून खेळायचे. जकार्ताच्या संघातले हाफबॅक. गोवा भारतात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि गोंयकार सुवर्णपदक घेऊन आला. २०२१ च्या मे महिन्यात गेले, कोविडच्या धामधुमीत बातमीसुद्धा धड छापून आली नाही.

आकडेमोड_कुलकर्णी
एक खोड काढतो. ज्या तैवानला जकार्तात येऊ दिलं नाही, त्याच संघाने १९५४ आणि १९५८ चं सुवर्ण जिंकलं होतं. गतविजेता बाहेर बसवून जिंकलेलं पदक आणि हंगेरी न आल्याने मिळालेली चाल, यात फरक काय? शिवाय जकार्तात संघ आठच. विनूच्या साहेबांनी हे वाचलं तर चौदा वडापाव गेले.

कूपरेजकर
कुलकर्णी, मुद्दा बिनतोड आहे, तैवान नसणं हे मोठं वजा आहेच. फरक इतकाच की जकार्तात पुढे जायला आपल्याला एकही चाल मिळाली नाही. पाच सामने, चार विजय. आणि ज्याने साखळीत हरवलं त्यालाच अंतिम फेरीत हरवलं. मेलबर्नचा संघ देखणा होता, जकार्ताचा चिवट होता. मला चिवट आवडतो, तुम्हाला देखणा आवडला तर भांडण नाही.

विनू, साहेब फारच अडून बसले तर त्यांना मॉस्को १९५५ विचारा. सोव्हिएत संघाकडून ११-१. मेलबर्नच्या फक्त एक वर्ष आधी! मग ते बोलतील ते बोलू द्या.

डबेवाला_विनू
साहेबांना तीन विजय ऐकवले, चौथ्याला ते फोन घेऊन बाहेर गेले. जर्नैलची गोष्ट ऐकवायची राहिलीच. उद्या परत बसवतो.